बाब्या चढला भिंतीवर!

जिवंत पोराची तसबीर! तीही तीन फूट बाय दोन फूट, सोनेरी नक्षीच्या चौकटीत. आणि टांगली कुठे म्हणाल? बैठकीत, सोफ्याच्या बरोब्बर वर, जिथे आजवर आजेसासऱ्यांचा फेटेवाला फोटो होता. आजेसासऱ्यांची बदली जिन्यात झाली. हे घडलं पाटनच्या वहिनींकडे, आणि जबलपुरातल्या आमच्या हळदीकुंकवात ही बातमी वाणाच्याही आधी पोचली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, आपल्याकडे एवढा मोठा चेहरा भिंतीवर चढतो केव्हा? चंदनाचा हार घालायची वेळ आली की! वहिनींच्या सासूबाईंनी चौकट घरात येताना पाहूनच ‘शिव शिव’ म्हटलं. नातू खाली सतरंजीवर बसून मटाराच्या शेंगा फस्त करतोय आणि वर भिंतीवर तोच मंद हसतोय. शेजारच्या एक आजी, दृष्टीने जरा अधू, आल्या त्या थेट तसबिरीला हात जोडून उभ्या राहिल्या म्हणे. ‘कधी झालं हो हे?’ एवढंच विचारायचं राहिलं होतं, तेवढ्यात खालच्या नातवाने त्यांच्या पायाला मिठी मारली. आजींना घोटभर पाणी द्यावं लागलं.

पाटनला पैसा येतो तो मटाराच्या पोत्यातून. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या सरकारी योजनेत जबलपूरच्या नावापुढे मटारच लिहिलेला आहे, आणि त्या मटाराचा मोठा वाटा उचलतो तो आमचा हा पाटनचा पट्टा. हिवाळ्यात मंडीबाहेर ट्रकांची रांग लागते. भाव चांगला लागला की पूर्वी घरच्या बायका पाटल्या करायच्या. सोन्याचा भाव हल्ली नुसता ऐकला तरी घेरी येते, म्हणून की काय, यंदा पाटल्यांच्या जागी पोरांची पोर्ट्रेटं निघाली. थोरलीने दीड फुटी काढून घेतलं, म्हणून धाकट्या जावेने दोन फुटी. तिसरीला जुळी. चित्रकार डोई मोजून पैसे घेतो म्हटल्यावर तिच्या नवऱ्याने दोघांपैकी एकाचंच काढा, दोघं दिसतात तर सारखीच, असा तोडगा सुचवला. त्या घरात दोन दिवस बोलणं बंद होतं.

आणि काढून घेण्याची रीत ऐकाल तर तोंडात बोट घालाल. फोनमधला एक फोटो पाठवायचा, निम्मे पैसे आगाऊ भरायचे, महिन्याभराने कुरिअरवाला बेल वाजवतो. चित्रकार इंदूरचा असेल, कोल्हापूरचा असेल, कुठलाही. त्याने पोराला जन्मात पाहिलेलं नसतं. पोरगं हसताना आधी नाक फेंदारतं की भुवई उडवतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. समोर असतो फोनचा एक फोटो, आणि सोबत आईची आठ ध्वनिसंदेशांची पोथी.

आमच्या मंडळातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक यावर भलतेच तापले. ‘फोटोवरून काढलेलं ते चित्र कसलं? नक्कल!’ सरांचा मान ठेवून सांगते, पण या पंगतीला फार मोठी मोठी माणसं बसलेली आहेत. राजा रविवर्मा फोटोंचा आधार घेत असत, आणि त्यांना कुणी नकलाकार म्हणत नाही. लंडनच्या टेट संग्रहालयात पेशव्यांच्या दरबाराचं एक भलंमोठं तैलचित्र आहे. तह १७९०चा, इंग्रज वकील मॅलेट आणि सवाई माधवराव समोरासमोर, आजूबाजूला सगळा दरबार. रंगवलं थॉमस डॅनियलने, १८०५मध्ये, तेही जेम्स वेल्सने करून ठेवलेल्या रेखाटनांवरून. वेल्स पुण्यात पोचला तहाच्या नंतर, आणि चित्र पुरं व्हायच्या कितीतरी आधी, १७९५मध्ये, वारला. म्हणजे दरबाराच्या दिवशी दोघांपैकी एकही हजर नव्हता! तरी तो दरबार इतिहासाच्या पुस्तकांत मानाने बसला आहे. मग आमच्या वहिनींच्या पोराच्या चित्रकाराने पाटनला यायलाच हवं होतं, असा हट्ट का?

बरं, दूर बसून पोरांची चित्रं मागवण्याची चाल तरी कुठे नवी आहे! स्पेनची राजकन्या मार्गारिता १६५१मध्ये जन्मली. तिचं लग्न लहानपणीच व्हिएन्नाच्या लिओपोल्डशी ठरलेलं. पोरगी कशी वाढतेय हे तिकडे कळावं म्हणून वेलास्केस तिला रंगवायचा आणि चित्र रवाना व्हायचं. गुलाबी झग्यातली, पांढऱ्या झग्यातली, निळ्या झग्यातली, अशी तिची चित्रं आजही व्हिएन्नात आहेत. आणि नातं ऐका: लिओपोल्ड तिचा सख्खा मामाही आणि आतेभाऊही! युरोपातल्या लोकांना हे ऐकून आजही कसंसंच होतं. आमच्या मंडळात मात्र दोघीतिघींनी शांतपणे विचारलं, ‘मग? मामाच होता ना? घरातलंच स्थळ.’

लहान मुलांचा फोटो काढणं हेच मुळात एकेकाळी दिव्य होतं. एकोणिसाव्या शतकात काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ तान्हं मूल स्थिर राहीना. मग विलायतेतले फोटोग्राफर आईच्या डोक्यावरून चादर घालून तिलाच खुर्चीसारखं बसवायचे आणि मांडीवर बाळ ठेवायचे. फोटोत बाळ दिसायचं, मागे एक संशयास्पद गाठोडं. आज आई गाठोड्यातून बाहेर आली आहे आणि कॅमेऱ्यामागे उभी राहून खुळखुळा वाजवत ‘इकडे बघ, इकडे बघ, सोन्या’ करत घसा बसवून घेते आहे. सोन्या बघतो फक्त खुळखुळ्याकडे. म्हणून यंदाच्या निम्म्या पोर्ट्रेटांतली पोरं डावीकडे वर काहीतरी दिव्य दर्शन घडल्यासारखी पाहताहेत.

मुलीला खरोखर समोर उभं करून चित्र काढणारेही होते. सावळाराम हळदणकरांचं ते जलरंगातलं चित्र तुम्ही पाहिलंच असेल: हातात दिवा, हाताच्या आडोशातून चेहऱ्यावर आलेला उजेड. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते आहे आणि त्यात उभी आहे ती हळदणकरांची मुलगी गीता. वडिलांसाठी ती तासन् तास दिवा धरून उभी राहिली. मोबदला काय मिळाला? अर्धी दुनिया आजही ते चित्र रविवर्म्यांचं समजते! आपल्या घरातल्या पोरांना पाच मिनिटं एका जागी उभं करून बघा, मग फोटोवरून काढणाऱ्यांना नावं ठेवा.

आणि पार्ले-जीच्या पुड्यावरच्या पोरीवरून झालेली कुजबुज आठवते का? कुणी म्हणे ती नागपूरची, कुणी म्हणे आणखी कुठली, कुणाकुणाच्या फोटोंसकट बातम्या फिरल्या. आमच्या मंडळात तर दोघी जणी तिच्या दूरच्या नातेवाईक निघाल्या. शेवटी कंपनीच्या माणसानेच सांगून टाकलं, की बायांनो, ती कुणाचीच नाही. साठच्या दशकात मगनलाल दैया नावाच्या चित्रकाराने कल्पनेतून काढलेली आहे. फोटोच नव्हता! नातेवाईक दोघी अजून ते मानायला तयार नाहीत.

तर, मूळ मुद्दा: वहिनींच्या घरचं रामायण.

फोटो निवडला बोरनहाणाचा. संक्रांतीनंतरचा रविवार, काळं झबलं, अंगभर हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बाजूबंद, हातात हलव्याचीच बासरी. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि पाटनचं म्हणून मुठीमुठीने मटाराच्या शेंगा ओतलेल्या. दृश्य गोडच होतं, नाही म्हणत नाही. पण काळ्यावर पांढरं म्हटलं की फोनचा कॅमेरा पेंड खातो. हलवा नीट दिसावा असा फोटो काढला तर झबल्याचं नुसतं काळं विवर होतं, आणि झबल्याच्या चुण्या दिसाव्यात म्हटलं तर हलव्याचा एकेक दाणा फुटून पांढरा भपकारा होतो, काटा म्हणून उरत नाही. चित्रकाराने विनवलं, ‘ताई, दागिन्यांचा जरा जवळून दुसरा फोटो पाठवा.’ पाठवणार कुठून? दागिने त्याच संध्याकाळी पोरांनी खाऊन संपवले होते. बासरी तर खुद्द कृष्णानेच खाल्ली.

मुलांचं पोर्ट्रेट मोठ्यांपेक्षा अवघड का, हेही या निमित्ताने आम्हा सगळ्यांना पाठ झालं. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मधोमध येतात, लहान मुलाचे त्याच्या खाली. कपाळ मोठं, हनुवटी एवढीशी. चित्रकाराचा हात सवयीने डोळे सुतभर वर चढवतो आणि तीन वर्षांचा बाळ तलाठ्यासारखा दिसायला लागतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी रेघ जरा ठळक पडली की वय वाढलंच. दातांचं तर बोलूच नका. एकेक दात कोरून काढला की पोरगं कवळी बसवल्यासारखं हसतं, म्हणून जाणते लोक दात वेगळे काढतच नाहीत, ओठांमध्ये एक उजळ पट्टी ठेवून देतात. कानाची पाळी उन्हात असेल तर तिच्यातून उजेड आरपार येतो, तिथे लालसर रंग पडला की चेहऱ्यात रक्त खेळतं. त्यात घरचे फोटो काढतात पोराच्या नाकाजवळ फोन नेऊन. इतक्या जवळून नाक फुगतं, कान पाठीमागे पळतात, आणि चित्रकार बिचारा ते फुगलेलं नाक इमानाने तैलरंगात उतरवतो. खिडकीशी, पोराच्या उंचीला वाकून, चार पावलं मागे सरून फोटो काढला तर निम्मं काम तिथेच होतं. पण वाकणार कोण? सगळ्यांचे गुडघे धरलेले.

आणि मग आला तो प्रसंग, ज्यावर आमचं हळदीकुंकू रात्री नऊपर्यंत लांबलं. चित्र तयार झाल्याचा फोटो आला. घरभर आनंद. सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि विचारलं, ‘तीट कुठाय?’ गालावरची काजळाची तीट गायब! वहिनींनी चित्रकाराला फोन लावला. तो उलट खुशीत, ‘ताई, गालावर डाग होता, काढून टाकला. वेगळे पैसे नाही लावले.’ सासूबाईंनी फोन हातात घेतला. पुढची पाच मिनिटं पाटनमध्ये बसून त्यांनी इंदूरकडच्या त्या पोराला दृष्ट, तीट, मीठमोहऱ्या आणि आपल्या घराण्याचा चार पिढ्यांचा इतिहास समजावला. ‘एवढ्या मोठ्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर, तीटेशिवाय टांगू मी त्याला?’ चित्र अजून त्याच्याकडेच होतं, त्याने तिथल्या तिथे एक काळा ठिपका ठेवून दिला. त्याचंही चुकलं कुठे? डागही काळा, तीटही काळी.

चित्र घरी आलं ते जवसाच्या तेलाचा वास घेऊन. तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आतून वाळायला महिने घेतो, वरचं शेवटचं व्हार्निश तर जुन्या रिवाजाने सहा महिन्यांनी द्यायचं. कुरिअरच्या चिठ्ठीत ‘हात लावू नये’ असं लिहिलं होतं. आपल्याकडे ‘हात लावू नये’ लिहिलं की सगळ्यात आधी काय करतात, ते सांगायला नको. कुणाचा अंगठा होता हे अजून कळलेलं नाही. चित्रातल्या मुकुटाजवळ मात्र तो स्पष्ट उमटला आहे.

इथवर हसून सोडून देण्यासारखं. पण गिऱ्हाइकांच्या फर्माइशी ऐकल्या आणि मी खरंच कपाळाला हात लावला. पहिली फर्माइश प्रत्येकीची एकच: ‘जरा उजळ करा हं.’ बाप सावळा, आई सावळी, पोरगं छान तुकतुकीत गव्हाळ, आणि चित्रात मात्र थेट दुधात बुडवून काढलेलं. मुळात फोनच फोटो काढताना पोराला एक हात साबण लावून ठेवतो, त्यावर चित्रकाराचा दुसरा. मग ‘जावळ काढल्यावरचे केस दाखवू नका, आधीचे दाखवा’. ‘पुढचा पडलेला दात बसवा.’ ‘कान जरा आत घ्या, सासरकडून आलेत.’ (हे वाक्य दार बंद करून बोललं गेलं होतं, तरी माझ्यापर्यंत पोचलं.) एकीने तर पोराच्या हातातला मोबाइल काढून तिथे पुस्तक ठेवायला सांगितलं. त्या पोराने पुस्तक उलटं धरलेलं आहे. चित्रकार खट्याळ असावा.

सगळ्यात मोठी मागणी आजोबांची. नातवाच्या जन्माआधी गेलेल्या आजोबांच्या मांडीवर नातू बसवून द्या, असं सांगतात. आजोबांचा एक फोटो जुन्या रेशनकार्डावरचा किंवा लग्नातल्या गर्दीतून कापलेला, नातवाचा ताजा, दोन्ही उजेड दोन दिशांनी आलेले. चित्रकाराने ते सांधले की कठीण कठीण काकासुद्धा डोळे पुसतात. यावर मी तोंड उघडणार नाही. इथे चित्रकाराला थोडं खोटं माफ आहे, आणि चित्रकारही पैसे कमीच सांगतात म्हणे.

पण खोट्याचा दुसरा धंदा आहे, त्याला मात्र माफी नाही. फोटो कॅनव्हासवर छापायचा, वर पारदर्शक जेलचे चार फराटे ओढायचे आणि ‘हातचं तैलचित्र’ म्हणून खपवायचं. हात फिरवला की खडबडीत लागतं, गिऱ्हाईक खूश. ओळखायचं कसं? भिंग घ्या आणि गालाकडे बघा: छपाईचे बारीक ठिपके दिसतील. शिवाय फराटे एका दिशेला आणि गालाची गोलाई दुसऱ्याच. आमच्या मंडळात एक भिंग आता घरोघर फिरतंय. त्याने दोन मैत्र्या मोडल्या. आणि २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये तर सगळ्यांची पोरं एका रात्रीत जपानी कार्टून झाली होती, आठवतं? घिबलीची ती साथ. फुकटात, मिनिटात, सगळी मोठ्या डोळ्यांची. आठवड्याने कुणाचं कुठलं हे आयांनाही सांगता येईना.

तिथेच माझं घोडं अडतं. सर म्हणतात नक्कल, सासूबाई म्हणतात अपशकुन, दोघंही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवताहेत. फोटोवरून काढलं म्हणून काहीच बिघडत नाही. बिघडतं ते सुधारून मागितल्यामुळे. ‘आपला तो बाब्या’ म्हणता ना? मग बाब्या आहे तसा का नको? वासुदेव कामतांना २००६मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा मोठा ड्रेपर पुरस्कार मिळाला तो पत्नीच्या चित्राला. घरच्या माणसाचा चेहरा आहे तसा टक लावून पाहायला ती नजर लागते. आपण आपल्याच पोराकडे तेवढं पाहिलं तर चित्रकाराला ध्वनिसंदेश पाठवताना ‘उजळ करा’ऐवजी ‘हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटतो’ असं सांगू. त्या एका वाक्याने चित्र पालटतं. चित्रकाराला पाटनला यावं लागत नाही.

आणि इंदूर-कोल्हापूरपर्यंत तरी कशाला जायचं? काखेत कळसा, गावाला वळसा. देशाच्या संविधानाच्या उद्देशिकेचं पान ज्यांनी सजवलं, ते ब्योहार राममनोहर सिन्हा आमच्या जबलपूरचेच, नंदलाल बसूंचे शिष्य. इथल्या शहीद स्मारकातली त्यांची भित्तिचित्रं जाऊन बघा. या गावाच्या मातीत हात आहे. कला शिकलेली पोरं-पोरी इथेही आहेत, स्कूटरवरून अर्ध्या तासात घरी येतील, पोराला पाहतील, तो खुळखुळा फेकून मारेल तेव्हा कसा दिसतो हेही पाहतील. पण त्यांनी पैसे सांगितले की आपण म्हणतो, ‘एवढे? नुसता चेहराच तर आहे.’ आणि चौकटवाल्याला मात्र सोनेरी नक्षीचे निमूट मोजतो. वहिनींकडे चौकट चित्राहून महाग पडली, ही आतली बातमी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

सासूबाई आता निवळल्या आहेत. रोज संध्याकाळी दिवा लावला की आधी खऱ्या नातवाची आणि मग भिंतीवरच्याची दृष्ट काढतात. वहिनींच्या पोरात तीट आणि थोडा गव्हाळ रंग तरी शिल्लक राहिला, बाकी घरांतल्या चौकटींमध्ये मात्र एकच गोरं, भरल्या दातांचं, कान आत घेतलेलं पोर टांगलेलं आहे. परवा एका बारशाला तीन तसबिरी एका रिक्षातून सजावटीसाठी आणल्या आणि परत नेताना कुणाचा बाब्या कुठला यावरून दारातच जुंपली. चौकटवाला हुशार निघाला. त्याने आता चौकटीमागे नाव घालून द्यायला सुरुवात केली आहे, अक्षरामागे दहा रुपये. जोडाक्षराचे वीस.